गनीभाईंच्या गप्प हिरड्या

बेलापुरातल्या सगळ्या बँड पार्ट्या डीजेने गिळल्या, पण गनीभाईंचं क्लॅरिनेट काही त्याला पचलं नाही. नवरीच्या पाठवणीची वेळ आली की लोक डीजे बंद करून म्हणायचे, "गनीभाई, आता तुमी वाजवा." मग साठीचे गनीभाई विडी विझवून कानावर खोचायचे, वरचे पुढचे दोन दात क्लॅरिनेटवर टेकवायचे आणि अख्खा मांडव रडवायचे.

घरी मात्र त्यांचा डॉक्टरकीचा धंदा चाले. त्यांच्या बायकोच्या, मुबारकबीच्या हिरड्यांतून दात घासताना रक्त यायचं. ती बिचारी मिठाच्या पाण्याने गुळण्या करी आणि गनीभाई ओट्यावर बसून हसत. "माज्याकडं बग. दिवसाला दोन बंडल वडतो, पन एक थेंब रक्त न्हाई. विडी लई गुनकारी हाय!"

त्यात एकदा मोबाईलवर बातमी आली: निकोटीनमुळे सूज उतरते, परदेशी शास्त्रज्ञांचा शोध. खाली 'पुढे वाचा' असं लिहिलं होतं, पण ते दाबण्याची गनीभाईंना गरज वाटली नाही. त्या दिवसापासून गावातल्या दाढदुखीला, गुडघेदुखीला ते विडीच सुचवू लागले. औषध फुकट आणि डॉक्टर तर त्याहून फुकट.

मग केडगावच्या वरातीत, ऐन वरच्या सुराला, पुढचा दात हलला. सूर चिरकला. गनीभाईंनी क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवलेल्या वेताच्या पट्टीला दोष दिला, नवी पट्टी घातली. दुसऱ्या लग्नातही तेच. या माणसाला दुसरी कसलीच कला येत नव्हती. घाबरले होते ते, पण सांगतात कुणाला?

मुबारकबी हिरड्या दाखवायला श्रीरामपूरला निघाली, तेव्हा तेही मुकाट्याने सोबत गेले. वर तिथल्या दातांच्या डॉक्टर नीलांबरीबाईंना आपला शोध ऐकवायची हौसही होतीच. बाईंनी मुबारकबीचे दात साफ केले आणि म्हणाल्या, "काकू, वेळेवर आलात. बऱ्या व्हाल." मग गनीभाईंचं व्याख्यान सुरू झालं. ते बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता आ करा."

बारीक सळई हिरडीत शिरली ती शिरतच गेली.

"सूज उतरते हे खरंय, काका," बाई म्हणाल्या. "हिरडीत जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, गर्दी करतात. त्यानंच हिरडी लाल होते, सुजते, रक्त येतं. निकोटीन त्या पेशींवर जाऊन बसतं आणि निरोपच दाबतं, वर रक्तवाहिन्याही आवळतं. जंतू मात्र आपलं काम करतच राहतात. काकूंच्या हिरड्या ओरडल्या म्हणून त्या इथं आल्या. तुमच्या गप्प राहिल्या, आणि खालचं हाड झिजलं."

"मंग ह्ये दोन दात?"

"उपचार करू. विडी सुटली तर टिकतील अशी आशा आहे. नाही सुटली, तर वर्षभरातच जातील."

गनीभाईंनी विडी सोडली. शेजाऱ्यांवर खेकसले, चहात तीनतीनदा साखर घातली, पण सोडली. आणि तिसऱ्या आठवड्यात, सकाळी दात घासताना, थुंकीत रक्त आलं. ते बघून त्यांचं धाबंच दणाणलं. "बगितलं? विडी हुती तवर एक थेंब न्हवता!" म्हणत त्यांनी फळीवरच्या पत्र्याच्या डब्यातून दडवलेलं बंडल काढलं, एक विडी ओठात धरली आणि काडी पेटवली.

मुबारकबी न्हाणीपाशी आली. तिने वाकून रक्त पाहिलं आणि चक्क हसली.

"वरडाया लागल्या का तुमच्या हिरड्या? डाक्टरीनबाई बोलल्या हुत्या मला, इडी सुटली की आदी रक्त यील म्हनून. जाग्या झाल्यात त्या."

काडी बोटापर्यंत जळत आली. गनीभाईंनी ती झटकली, ओठातली विडी काढली.

"तुला किती वर्सं येत हुतं गं रक्त?"

"बारा."

बारा वर्षं ते ओट्यावर बसून हसले होते. गनीभाईंना फार लाज वाटली. बंडल त्यांनी चुलीत टाकलं आणि खाली मान घालून म्हणाले, "मिठाचं पानी हाय का थोडं?"

तिने दोन पेले आधीच भरून ठेवले होते.