बसवू नका, आडवं करा

"शॉक आहे," डॉक्टर म्हणाले. शॉक म्हणजे फार रक्त गेलं की अंगाला पुरेनासं होतं आणि माणूस आतून विझत जातो. हे मला मागून कळलं. तेव्हा मी बीदरच्या दवाखान्याच्या ओसरीवर खांबाला टेकून बसलो होतो. कपाळाला विभूती, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग.

निजामाचं राज जाऊन थोडीच वर्षं झाली होती. चिंताकी गावाजवळच्या शेतात बाभळ तोडताना कुऱ्हाड निसटून माझ्या मांडीत बसली. धोतर फाडून बांधलं, गाडीत घातलं, पुढं लॉरी मिळाली. वाटेत हातपाय गार पडले. तहान तर अशी, की अख्खी विहीर पुरली नसती.

सोबत माझी थोरली बहीण, अक्का. तिला वाटलं, भाऊ चालला. आम्ही लिंग धारण करणारी माणसं. आमच्यात गेलेल्याला बसवून पुरतात. अंग ताठायच्या आत बसवावं म्हणून तिनं उतरल्या उतरल्या विभूती लावून, लिंग हातात देऊन मला बसवलं. माझे डोळे तिथंच फिरले.

डॉक्टर हैदराबादकडचे, मराठीत दखनी मिसळायचे. "बैठाया किसने? उरलेलं रक्त पायात उतरायलंय. डोक्याला काय जाणार?"

"आमच्यात आडवं न्हाई ठेवत, साहेब."

"मरने के बाद बिठाना, अम्मा. अजून नाडी लागायलीय."

मीही न्हाई म्हणून मान हलवली. जायचं तर आपल्या रीतीनं जावं.

अक्कानं माझ्या मनगटावर बोटं ठेवली. बराच वेळ चाचपली. मग खांदे धरून मला खाली लोटलं. "पड गप. जल्मात कुणाचं ऐकलास का?"

पायाखाली घोंगडीची वळकटी घातली, तसं छत पुन्हा दिसायला लागलं.

हातात सुई टोचून सलाईन लावलं. सलाईन म्हणजे शिरेतून सोडायचं मिठाचं पाणी. ते थेंबथेंब पडायचं. "भडाभडा सोडा की," अक्का म्हणाली. डॉक्टर म्हणाले, आधी तुटलेली शीर बांधू. त्याआधी फार पाणी भरलं तर उरलेलं रक्त पातळ होईल, जोर वाढून जखमेवरची गुठळी निघेल, पुन्हा रक्त वाहील. पाण्यानं जागा भरते. रक्ताचं काम रक्तच करतं.

रक्त अक्काचं जुळलं. पुढं जन्मभर मी हट्ट केला की ती म्हणायची, "माझं रगत घालूनबी वाया गेलं."

शीर बांधली, रक्त चढलं. आता सुटलो असं वाटलं, तर तोंड, हातपाय सुजले, ताप आला, धाप लागली. जखम तर कोरडी होती. डॉक्टर म्हणाले, रक्तावाचून तळमळलेल्या अंगात रक्त परत फिरलं की आत आग उठते, इन्फ्लमेशन म्हणतात. सूज त्याचीच. सलाईन कमी केलं आणि वाट पाहिली. वाट पाहणं मला सगळ्यात जड गेलं.

पाय थोडा ओढतो, पण मी चालतो.

मी फार शिकलेला नाही, पण एवढं सांगायचा मला हक्क आहे. रक्त गेलेल्या माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा, जखम दाबून धरा, दवाखाना गाठा.

मागच्या साली अक्का गेली. भाऊबंद तिला बसवायला पुढं झाले. मी तिच्या उशाशी बसून राहिलो, कुणाला हात लावू दिला नाही. लोक कुजबुजले, म्हातारा अडून बसलाय. गावातला डॉक्टर आला, त्यानं नाडी पाहिली आणि मान हलवली. मीही तिच्या मनगटावर बोटं ठेवली. बराच वेळ चाचपली.

मग मीच तिला बसवलं.