सोहारचे शुक्रवार आणि अकरा जपानी भाग

आमच्या वाचन गटाचे किस्से मी मुद्दाम जमवलेले नाहीत. चार माणसं दर शुक्रवारी सकाळी एका हॉलमध्ये पुस्तक घेऊन बसली की काही ना काही घडतंच, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत ते सगळ्यांचं दोन-तीनदा सांगून झालेलं असतं. अडचण एवढीच, की यातल्या बहुतेक किश्श्यांत तोंडावर आपटलेली बाई मी असते. तेव्हा बाकीच्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते.

मी ओमानमध्ये सोहारला भारतीय अभ्यासक्रमाच्या एका शाळेत लायब्ररी सांभाळते. आम्ही जी पुस्तकं वाचतो ती एका जपानी फँटसी कादंबरीमालिकेचे इंग्रजी अनुवाद आहेत. अकरा भाग. लेखिका जपानी, पण आतले देव, राक्षस, डोंगर सगळे चिनी पुराणातले. एका राज्यात न्यायसभेत एकशिंगी बोकड उभा असतो. जो खोटं बोलेल त्याला तो नेमका जाऊन धडक देतो. या बोकडाची देखभाल करणारी मुलगी ही नायिका. एवढं कळलं तरी पुरे.

*

पहिला किस्सा पुस्तकं मिळाली त्या दिवसाचा.

एक मराठी कुटुंब ओमान कायमचं सोडून परत निघालं होतं. जाताना त्यांनी या अकरा भागांचा खोका माझ्याकडे दिला. इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात मी तो टेबलावर मांडून ठेवला, ज्याला हवं त्याने न्यावं म्हणून. तासभर कोणी फिरकलं नाही. मग दळवी आले.

दळवी कुडाळकडचे. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्रेन चालवतात. बायको आणि आई गावाला, हे इथे एकटे. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या खिशाला पेन. त्यांनी एकेक भाग उचलला, पाठीमागचं वाचलं आणि अकराच्या अकरा काखेत मारायला लागले.

मला वाटलं, यांची काहीतरी गल्लत होतेय. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "दळवी, ही इंग्लिश पुस्तकं आहेत हं."

ते थांबले. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "माका जपानी येणा नाय, म्हणान इंग्लिश घेतंय."

मागे रांगेत उभ्या असलेल्या चार बायका हसल्या. त्या मला हसत होत्या, हे समजायला मला जरा वेळ लागला.

*

वाचन गट काढायची कल्पना दळवींचीच. पण 'अध्यक्षीय मनोगत' मात्र मी केलं. लायब्ररीयन ना मी.

आमच्या घरी पहिली बैठक. दळवी, फ्रान्सिस आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी ईरा. फ्रान्सिस मूळचा वसईचा, इथे एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. मी पहिला भाग उघडलाही नव्हता. आदल्या दिवशी इंटरनेटवरून दीड पान माहिती काढली होती, तिच्यावर मी चाळीस मिनिटं बोलले. चिनी पुराणकथा, जपानी संवेदनशीलता, नायकाचा एकाकी संघर्ष. "हा तरुण नायक," मी म्हणत होते, "स्वतःच्या पौरुषाचा शोध घेतो आहे."

ईरा हळूच म्हणाली, "आई, तो नाही. ती. मुलगी आहे ती."

जपानी नावावरून मला काय कळणार? पण ते कबूल करायच्या ऐवजी मी म्हटलं, "मी प्रतीकात्मक अर्थाने म्हणतेय."

मग फ्रान्सिसने चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, पासपोर्ट न बघता मीसुद्धा एकदा एका बाईंना मिस्टर म्हटलं होतं. मी नुसतं सॉरी म्हणून सुटलो."

त्या दुपारी मी पहिला भाग खरोखर वाचायला घेतला. बोकड बाराव्या पानावरच येतो. तो आमच्या हॉलमध्ये असता तर सोफ्यावर सरळ माझ्याकडे आला असता, हे मला तिथेच कळलं.

*

तिसऱ्या भागाच्या मुखपृष्ठावर नऊ शेपट्यांचा कोल्हा आहे, डोळे लालभडक. दळवी तो भाग कामावर नेऊन जेवणाच्या सुट्टीत वाचायचे. मला काळजी वाटली. त्यांचे सुपरवायझर सालिम ओमानी, जवळच्या सहम गावचे. त्यांना हे जादूटोण्याचं पुस्तक वाटलं तर? मी दळवींना म्हटलं, "पेपरचं कव्हर घाला. उगाच कोणाच्या डोळ्यावर यायला नको."

दळवींनी बिचाऱ्यांनी घातलं.

दोन आठवड्यांनी शुक्रवारी दळवींबरोबर सालिमही आले. अंगात पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात हलव्याचा डबा. लहानपणी त्यांनी अरबीत डब केलेली जपानी कार्टून्स ढिगाने बघितली होती. पेपरच्या आत काय आहे ते बघितल्यावर त्यांनी दळवींकडून तीन दिवसांत अख्खी गोष्ट ऐकून घेतली होती. नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती होती.

हलवा वाटून झाल्यावर त्यांनी विचारलं, "वो मॅडम कौन है, जिसने पेपर लगाने को बोला?"

मी हात वर केला. शाळेत मुलं करतात तसा.

"मॅडम," ते हसून म्हणाले, "किताब देखके मेरे को डर नहीं लगा. पेपर देखके लगा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला हलव्याचा आणखी एक तुकडा आग्रहाने दिला, आणि तो मी खाल्ला.

*

हा किस्सा हसायचा नाही. तरी आमच्या गटाचा आहे, म्हणून सांगते.

पाचव्या भागात ती मुलगी आईसाठी औषध आणायला पश्चिमेच्या डोंगरावर जाते. तिथल्या देवीच्या बागेत अमरपणाची पीच झाडं असतात. ती एक फळ मिळवते, नदी ओलांडते, पण घरी पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. त्या आठवड्यात या प्रकरणावर बोलायची पाळी फ्रान्सिसची होती.

तो एरवी भरभर बोलतो. त्या दिवशी सावकाश बोलत होता. "ती दारात येते," तो म्हणाला, "तर शेजारीण अंगण झाडत असते. शेजारणीच्या तोंडाकडे बघूनच तिला कळतं. तीन दिवस उशीर झालाय."

"दोन," मी म्हटलं. माझ्याकडे पान उघडं होतं. "दोन दिवस, फ्रान्सिस. इथे बघ."

फ्रान्सिसने पुस्तकाकडे बघितलंही नाही.

"पुस्तकात दोन असतील, मॅडम," तो म्हणाला. "मी तीन दिवसांनी पोचलो होतो."

त्याची आई गेल्याचं मला माहीत होतं. फोनवरून सांत्वनही केलं होतं मी. पण त्या क्षणी माझं बोट त्या ओळीखाली होतं, आणि ते उचलावं की तसंच ठेवावं, हे मला सुचत नव्हतं. शेवटी दळवींनी पुस्तक माझ्या हातातून काढून मिटलं.

*

ईराचं मराठी अडखळतं. शाळेत सगळं इंग्लिश, मैत्रिणींशी इंग्लिश, घरी आमच्याशी अर्धंअर्धं. गटात ती सुरुवातीला इंग्लिशमध्येच बोलायची. दळवी म्हणाले, "ईरा, आपल्या भाषेत सांग गो. चुकला तर चुकला."

तिने धीर केला. सहाव्या भागात बोकड खुद्द प्रधानाला धडक देतो, तो प्रसंग ती सांगायला लागली. रंगात आली, उभी राहिली, हातवारे करायला लागली. "मग तो गोट हळूहळू चालला, चालला, आणि प्रधानला... प्रधानला डोकं दिलं!"

मी खो खो हसले. एकटीच. वर म्हटलं, "डोकं दिलं नाही गं, धडक दिली. डोकं दिलं म्हणजे काय, कापून दिलं?"

ईरा खाली बसली. त्यानंतर सात शुक्रवार ती गटात मराठीचा एक शब्द बोलली नाही. मी विचारलं तर म्हणायची, "आय ॲम फाइन."

आठव्या शुक्रवारी दळवी तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मी आवशीक ह्या गोष्टी धाडतंय ना, त्यात तुझाच वाक्य घातलंय. प्रधानाक डोक्या दिल्यान. आमची वाडी पोट धरून हसली."

"माझ्यावर हसले?" ईराने विचारलं.

"प्रधानावर," दळवी म्हणाले.

*

आता शेवटचा. हा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही, पण गटातल्या सगळ्यांना माहीत आहे.

दळवी आईला गोष्टी धाडतात, हे मला त्या दिवशी कळलं. आठवडाभरात वाचलेलं ते मालवणीत व्हॉट्सॲपवर रेकॉर्ड करतात. आई वाडीतल्या बायकांना जमवून ऐकते. मग ते ती रेकॉर्डिंग्ज ईरालाही पाठवायला लागले, तिला ऐकून सवय व्हावी म्हणून. ईरा डायनिंग टेबलावर ती लावायची. ओट्याशी उभी राहून मीही ऐकायचे.

काय सांगतो तो माणूस. सातव्या भागात जुनी चिनी कथा आहे. आकाशात एकदम दहा सूर्य उगवतात आणि एक धनुर्धर त्यातले नऊ पाडतो. पुस्तकात ती अडीच पानांत संपते. दळवींनी ती वीस मिनिटं सांगितली. त्यात एक वाक्य होतं: सूर्य दहा होते, पण झाडाखालची सावली एकच, आणि तिथे म्हाताऱ्यांना आधी बसवलं होतं. पुस्तकात म्हातारे नाहीत. झाडही नाही.

त्याच सुमारास मंडळाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला गेला. मी तीन दिवस कोऱ्या कागदापुढे बसले. चौथ्या दिवशी ईराचा फोन घेतला, रेकॉर्डिंग लावलं आणि लिहून काढलं. मालवणीचं प्रमाण मराठी केलं. चार ठिकाणी 'आदिबंध' हा शब्द घातला. वर माझं नाव लिहिलं.

ईराने वाचलं. "आई, हे दळवीकाकांचं आहे ना?"

"मी त्यावर संस्कार केलेत," मी म्हटलं.

मस्कतजवळ सीबच्या एका हॉलमध्ये स्मरणिकेच्या प्रकाशनाचा कार्यक्रम झाला. लोकांनी लेखाचं फार कौतुक केलं. मला स्टेजवर बोलावून शाल दिली. दळवी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि टाळ्या वाजवत होते. खाली उतरल्यावर ते भेटले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "बरा लिवलास, वैनी. आवशीक वाचून दाखवतलंय."

पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे बैठक होती. फ्रान्सिस, ईरा, सालिमसुद्धा होते. दळवी आले, बसले, पाणी प्यायले आणि खिशातून फोन काढला. "आवशीचो मेसेज इलो हा," म्हणाले. "वैनींच्या लेखावर. ऐकवतंय."

म्हातारीचा आवाज खणखणीत होता. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"अरे, त्या बायचा सगळा आयकलंय. बरा लिवल्यान हां. अगदी तुझ्यासारख्या सांगता रे ती. तिका इचार, तिचा म्हायार खयचा? आमच्याच वाडीतला दिसता."

मेसेज संपला. सालिमना मालवणी कळत नाही, ते आपले हसरा चेहरा करून बसले होते. फ्रान्सिस खिडकीबाहेर बघायला लागला. ईरा माझ्याकडे बघत होती.

माझं माहेर नाशिक.

दळवींनी रेकॉर्डिंगचं बटण दाबून फोन माझ्यासमोर धरला. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं.

"वैनी," ते म्हणाले, "काय सांगू तिका?"