बाबांचा तोल
"हात तर आता थरथरत न्हाय, मग झोकांड्या का खात्यात? सकाळीच घेतली असंल," पिंपळीतल्या साखरपुड्यात माझ्या मागच्या खुर्चीवरची बाई म्हणाली आणि शेजारणी हसल्या. बाबा झोकांडी खात येऊन मंडपाच्या तोंडाशी थबकले होते, पाय ओल्या सतरंजीला चिकटल्यासारखे. त्यांच्या आजारावरच्या गोळीने मेंदूतलं डोपामिन हे रसायन भरून निघतं, म्हणून हात थांबला होता. पण तोल सांभाळणारं ॲसिटिलकोलीन हे दुसरं रसायनही कमी पडतं आणि त्यावर ही गोळी चालत नाही, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. आजार बाहेर कळू द्यायचा नाही, असं घरात ठरलेलं. बाबांनी ते हसणं ऐकलं आणि मान खाली घातली. ओल्या सतरंजीचा वास आला की आजही मला ती मान दिसते. मी उठले. "दारू नाही, पार्किन्सन आहे त्यांना," मी मागे वळून म्हणाले आणि बाबांपाशी गेले. "बाबा, माझा हात धरा."