वाट विचारणारे साडू

आमच्या साडूंइतक्या वाटा तोंडपाठ असलेला माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात नव्हता, आणि त्यांच्याइतकी वाट विचारणाराही नव्हता. सागवानात डोळे बांधून सोडलं असतं तरी ते बिनचूक घरी आले असते, पण ओळखीच्या चौकातही कुणाला तरी थांबवून विचारणारच, "भाऊ, बाजाराले हाच रस्ता जाते ना?" मी एकदा चिडून कारण विचारलं. म्हणाले, "साडभाऊ, सांगणाऱ्याले बरं वाटते. आपलं काय जाते?" आपला वेळ जातो, हे त्यांना कधी पटलं नाही. अहेरीच्या बाजारात बैल पाहायला त्यांना नेलं, तर वाट सांगणाऱ्याच्या घरी आंबील पिऊन येईपर्यंत मी हेरलेली जोडी दुसऱ्यानं नेली होती.

वैशाख पौर्णिमेला साडूंच्या कचेरीला सुट्टी, म्हणून ते मला भांदकच्या विजासन लेण्यातला बुद्ध दाखवायला घेऊन गेले. मी लाकडाचा व्यापारी. मला सुट्टी ठाऊक नाही, आणि त्या बाजूला मी चार वर्षं फिरकलोही नव्हतो. तिथे माझा धाकटा भाऊ राहतो. आई गेली त्या श्रावणात मी वैनगंगेपलीकडे आलापल्लीला होतो. त्याचा निरोप मला पोचला, तोवर सगळं आटोपलं होतं. अग्नी त्यानं दिला. मी राख पाहिली. नेसत्या धोतरानिशी घर सोडून मी सगळं उभं केलं, कुणाकडे काही मागितलं नाही. एवढं एक माझ्या हक्काचं होतं.

रानातल्या दीड मैलात साडूंनी सात जणांना वाट विचारली. तेंदूची पानं तोडणाऱ्या बायांना विचारली, आणि टेकडी समोर दिसत असताना एका गुराख्यालाही. उन्हानं माझे पाय उचलेनात. आठव्यांदा त्यांनी एका नव्या घराच्या अंगणात हाक दिली, "लेण्याले कुठून जा लागते?" आणि माझा भाऊच बाहेर आला. साडूंना घर ठाऊक नव्हतं, असं मी म्हणणार नाही. मी पाठ फिरवून लिंबाखाली उभा राहिलो. भावजयीनं पाणी आणलं.

"भाऊ," धाकटा मागून म्हणाला, "वैनगंगेले पूर होता. निरोपाचा माणूस दोन दिवस काठावरच बसून राह्यला."

मी व्यापारी, समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव कधी मान्य करत नाही. "पोहणारा नाई भेटला तुले?"

साडूंनी आपला तांब्या संपवला, मग माझाही, आणि माझ्या भावाला म्हणाले, "सांगून नाई समजत बुवा आमाले. दाखवाले चाल."

ते दोघं पुढे, मी दहा पावलं मागे. लेण्याच्या लांब बोगद्यात शिरलो, तर दिपलेल्या डोळ्यांना काहीच दिसेना. ठेच लागली तसा कुणीतरी माझा कोपर धरला आणि पावलापावलानं आत नेलं. साडूच, असं मी धरून चाललो. मूर्तीच्या पायाशी पोचलो, आणि साडूंचं हसणं ऐकू आलं ते पार बाहेरून, लेण्याच्या तोंडाशी.

साडूंना जाऊनही आता बरेच दिवस झाले. भावाशी माझं अजून फार बोलणं नसतं, आणि पुराचं मला सगळं पटलंय असंही नाही. पण त्या दिवशी मी फार दमलो होतो. कोपर मी सोडवून घेतला नाही.