मागची जाळी

कोंबड्या माझ्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. बायकोच्या आहेत. नागपूरच्या टोकाला लेआऊटमध्ये घर बांधलं तेव्हा तिनं मागच्या अंगणात खुराडा पहिले बांधून घेतला, स्वयंपाकघराचा ओटा नंतर. मी आपला अंडी खाणारा माणूस. पण मागच्या पावसाळ्यात तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, पायऱ्या उतरायची आणि खाली बसायची मनाई झाली, आणि बारा कोंबड्या माझ्या गळ्यात आल्या. रिटायर माणूस पळून पळून जाणार कुठं?

तिचा पलंग मागच्या खिडकीपाशी होता. तिथून सकाळपासून सुरू व्हायचं. "अजी, भुसा ओला झाला, काढा ना तो!" "अजी, तांदळाची कनकी चिखलात काहून टाकून राहिले?" श्रावणभर मी ओला भुसा उपसला, कोरडा पसरला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मानमोडीची लस टोचून घ्यायला एकेक कोंबडी पकडताना दोनदा चिखलात आडवा झालो. खिडकीतून हसण्याचा आवाज आला. हसा म्हटलं, हसा.

थंडीत दिवस मावळायच्या आत त्यांना कोंडायचं, खुराड्यात बल्ब लावायचा, बारदान सोडायचं, सकाळी ते उचलायचं. अंडी मात्र कमी. मी चिडून म्हणायचो, "तुह्या कोंबड्या फुकटच्या खातात वं." ती म्हणायची, "तुमी नाही खात का?" माझी कंबर धरली होती, झोप पुरत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला त्या कोंबड्यांचा मनापासून कंटाळा आला होता.

होळीनंतर मुंगूस लागलं. खुराड्याच्या मागच्या बाजूला जाळी आहे, तिचा कोपरा उचकटून त्यानं एक तलंग नेली. नुकती अंड्यावर आलेली होती. बायको दिवसभर जेवली नाही. मी ठरवलं, आता बस झालं. मे महिना लागताच घरातला जुना कूलर काढला, त्याला नवीन वाळा भरला आणि खुराड्याच्या पुढच्या जाळीच्या दाराला टेकवून लावला. मागच्या जाळीवर टिनाचा पत्रा ठोकला. दुपारी कोंबड्या आत, दार बंद, थंडगार. मुंगसाच्या बापाला सापडणार नाही.

"अजी, मागून झाकू नका," ती खिडकीतून म्हणाली. "हवा निघन कुठून? कूलरले मागची खिडकी उघडी लागते, तुमीच तर साऱ्या जगाले सांगता."

सांगतो खरं. नागपुरात कूलर लावणारा प्रत्येक माणूस हे सांगतो. पण मी तेव्हा घामानं निथळत होतो, हातात हातोडी होती आणि वर्षभराचं ऐकून ऐकून डोकं उठलं होतं. मी म्हणालो, "तू पलंगावर पडून हुकूम सोडू नको. करून कोण राहिलं, तू का मी?"

मी ज्वारी आणायला कळमन्याला निघून गेलो.

बाजारात फोन वाजला. तिचा होता. आता काय राहिलं सांगायचं, म्हणून मी तो खिशात टाकला. पुन्हा वाजला. मी अडत्याच्या दुकानात पंख्याखाली बसून चहा घेतला. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा आवाजच बंद केला.

घरी आलो तर मागचं दार सताड उघडं. लाईट गेली होती, कूलर बंद. बायको अंगणात, भर उन्हात, खुराड्यामागे खाली बसलेली. तीन पायऱ्या ती एकटी उतरली होती. दुपारची वेळ, शेजाऱ्यांची दारंखिडक्या बंद, तिची हाक कोणी ऐकली नव्हती. दारापुढचा कूलर तिला हलला नव्हता, म्हणून मागचा पत्रा तिनं जाळीसकट नुसत्या हातांनी उचकटला होता, बोटं कापली होती. सहा कोंबड्या ओळीनं निजवलेल्या. उरलेल्या पाचांच्या डोक्यावर ती पदर पिळून पाणी सोडत होती. मी तिला उचलायला गेलो तर म्हणाली, "पहिले त्याइले सावलीत न्या." बस, एवढंच.

त्या सहा मी लिंबाखाली पुरल्या. ती रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. गुडघे सुजले, पुन्हा महिनाभर पलंग. पलंग त्याच खिडकीपाशी, पण आवाज नाही. मी मुद्दाम कनकी कुठंही टाकतो, पाणी उन्हात ठेवतो, तरी नाही. दिवस जाता जात नाही.

परवा सकाळी न राहवून खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. या वयात अशी वेळ यावी! म्हटलं, "चुकलं वं माहं. फोन उचलाले पाहिजे होता. बोल ना काही, शिव्या दे."

ती म्हणाली, "मले काहून सांगता? त्याइले सांगा."

मी खाली पाहिलं. पाचही जणी माझ्या पायांपाशी येऊन, माना वर करून दाण्याची वाट पाहत होत्या.