संकेत देणारा कॉम्प्युटर

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो माझ्या शिक्षणासाठी, असं बाबा सगळ्यांना सांगत. मी तेव्हा बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, म्हणजे शिक्षण संपलेलं होतं. खरं कारण थोड्याच दिवसांत बाहेरच्या खोलीच्या दारावर पाटी होऊन लागलं: 'संगणकावर अचूक जन्मपत्रिका व गुणमेलन'. बाबा शाळेतून निवृत्त झाले होते. त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे चिखलीतल्या एका अख्ख्या पिढीला त्यांनी छडीने पटवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळे ग्रह माणसांभोवती फिरवायला घेतले.

ज्योतिष त्यांना येत नव्हतं. ते यायची गरजही नव्हती. कॉम्प्युटर विकणाऱ्यानेच पत्रिकेचा प्रोग्राम टाकून दिला होता. जन्माची तारीख, वेळ आणि गाव घातलं की गणपतीच्या रंगीत चौकटीत पत्रिका छापून यायची. बटणं मी दाबायचे. बाबा शेजारी चष्मा पुसत बसायचे आणि लोक पाया त्यांच्या पडायचे.

सुरुवातीला मशीन बरं चाललं. मग ते अंगात आल्यासारखं करायला लागलं. कधी माउसचा बाण जागच्या जागी थिजायचा. कधी पडदा निळा पडायचा आणि त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी यायच्या. कधी आपलं आपण बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. एखाद्या दिवशी मात्र सकाळपासून दिवेलागणीपर्यंत शहाण्यासारखं वागायचं, आणि नेमकं त्याच दिवशी बाबांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलेलं असायचं.

हा दुरुस्तीवाला बसस्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवायचा. स्वतःला इंजिनिअर म्हणवून घ्यायचा आणि खिशाला दोन पेनं लावायचा. मशीनकडे न बघताच त्याने निदान केलं.

"व्हायरस हाये गुरुजी. फॉरमॅट मारा लागन."

त्याने फॉरमॅट मारला. आमच्या सगळ्या पत्रिका पुसल्या गेल्या आणि मशीन दुसऱ्याच दिवशी दुपारी बंद पडलं. त्याने पुन्हा येऊन पुन्हा फॉरमॅट मारला. मी विचारलं, "अहो, पुसून कोरं केलेल्या मशीनमध्ये लगेच व्हायरस कुठून आला?" तो माझ्याकडे न पाहता बाबांना म्हणाला, "नवा व्हायरस असन." त्या माणसाला एवढी एकच गोष्ट येत होती. डोकं दुखो की पाय, सरसकट मुंडण करणाऱ्यातला तो होता. तिसऱ्या खेपेला त्याने व्होल्टेजचा दोष काढला आणि स्वतःच्याच दुकानातला स्टॅबिलायझर आमच्या गळ्यात मारला. तो रात्रंदिवस गुणगुणायचा. बाबांनी त्याच्यावरही कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

माझ्याबरोबर कॉलेजात एसटीने येणारी, दोन वर्षं मागची एक मुलगी होती. चिखलीपासून जवळच त्यांचा मळा. वांगी, मेथी, कोबी. घरातले सगळे पहाटेपासून राबणारे. ती हुशार आणि तोंडाने फटकळ. तिला मलकापूरचं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांचा सरकी-ढेपेचा व्यापार. आम्ही घाटावरचे, ते घाटाखालचे, म्हणजे आधीच दोन्हीकडून थोडी नाकं मुरडून झाली होती. पण मुलगी पसंत पडली, पोह्यांच्या दोन बैठका झाल्या, बोलणी संपत आली. राहिलं होतं गुणमेलन. मुलाच्या वडिलांना ते कॉम्प्युटरवर हवं होतं, कारण हाताने मांडलेल्या पत्रिकेवर त्यांचा विश्वास नव्हता. मशीन खोटं बोलत नाही, असं त्यांनी आल्या आल्या दोनदा सांगितलं.

दोन्ही बाप आमच्या बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी बसले. मी मुलाची माहिती घातली. झाली. मुलीची घातली, बटण दाबलं, आणि बाण थिजला.

मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. मुलाची पत्रिका उघडून पुन्हा मुलीचं नाव घातलं. पडदा निळा झाला.

मुलाचे वडील खुर्चीत पुढे सरकले. तिसऱ्यांदा तर मी तिचं गाव टाइप करत होते तेवढ्यात मशीनने डोळे मिटले.

मुलाचे वडील हळूच म्हणाले, "गुरुजी, पोरीचं नाव घेतलं का हे बंद पडून राह्यलं."

मी म्हणाले, "काका, हे रोजच बंद पडतं. तुमच्या आधी सकाळी एका पोराचे गुण जुळवताना…"

"तू आत जा," बाबा म्हणाले. "चहाचं पाहा."

मी आत गेले नाही, दारातच थांबले. बाबांना सगळं ठाऊक होतं. त्याच आठवड्यात त्यांनी या मशीनला माझ्यासमोर शिव्या घातल्या होत्या. एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. पण समोरचा व्यापारी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होता, तशा नजरेने शाळेत त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि म्हणाले, "यंत्राला मन नसतं. पण संकेत असतात."

मुलाचे वडील उठले. मुलीचे वडील बिचारे हात जोडून म्हणाले, "साहेब, मशीनच हाये ते. उद्या दुसरीकडं पाहू." पण साहेब चपला घालत होते.

भूगोलाच्या मास्तराने एका मुलीचं लग्न मोडलं, तेही डोळे मिटून. त्या दिवशी मी जेवले नाही. बाबा पोटभर जेवले.

त्याहून वाईट म्हणजे आमची ख्याती झाली. संकेत देणारा कॉम्प्युटर बघायला लोक यायला लागले. पिंपळगाव राजाहून एक कुटुंब जीप करून आलं आणि दारातच विचारलं, "ते बंद पडणारं मशीन हेच का?" नीट चाललं तर माणसं खूश होऊन जायची, बंद पडलं तर घाबरून जायची, आणि दोन्ही वेळा दक्षिणा ठेवायची. बिघडलेल्या वस्तूला एवढा मान मी कुठे पाहिला नाही.

मग मी एकदा दुपारी, बाबा झोपलेले असताना, कॅबिनेटचे स्क्रू काढले. मला कॉम्प्युटरमधलं फार काही कळत नव्हतं. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट शिकवली होती: दोष शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आमच्या इंजिनिअरला ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

आधी धूळ काढली. आत ती उशीत भरण्याइतकी होती. पंख्यासमोर आईने विणलेलं झाकण अडकलं होतं, तेही काढलं. मशीन थंड राहायला लागलं, पण बंद पडायचं थांबलं नाही. मग स्टॅबिलायझर काढून पाहिला. गुणगुण थांबली, बाकी काही फरक नाही. मग मेमरीकडे वळले. आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, बोटभर लांबीच्या, हिरव्या. त्यांचे पिवळे दात खोडरबराने घासले आणि पुन्हा बसवल्या. दोन दिवस मशीन असं चाललं की मी मनातल्या मनात स्वतःचा सत्कार केला. तिसऱ्या दिवशी पडदा निळा.

मग एक पट्टी काढून ठेवली आणि एकाच पट्टीवर काम केलं. कॉम्प्युटर हळू झाला, पण आठवडाभर एकदाही अडला नाही. मी मुद्दाम छळलं त्याला. एकापाठोपाठ पत्रिका उघडल्या, रंगीत चौकटी छापल्या. तो मुकाट चालला. मग ती पट्टी काढून त्याच जागी दुसरी लावली. संध्याकाळच्या आत निळा पडदा. पुन्हा पहिली लावली, पुन्हा ठीक. एक पट्टी चांगली, एक सडकी. लहान काम असलं की मशीन सडक्या भागापर्यंत पोचायचं नाही. दोन पत्रिका शेजारी उघडल्या, वर गणपतीची चौकट आली, की पाय त्याच खड्ड्यात पडायचा. मुलीचं नाव नंतर घातलं होतं, म्हणून तिच्या नावावर पडला. मुलाचं नंतर घातलं असतं, तर त्याच्या.

मी पट्टी बाबांच्या पुढ्यात ठेवली. सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. माणूस मूर्ख नव्हता, हेच तर दुःख होतं. ते म्हणाले, "वा. छान केलंस."

दोन-तीन आठवड्यांनी, गर्दी ओसरल्यावर, ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "अगं, ती जुनी पट्टी… परत बसवता येईल का? नेहमीसाठी नाही म्हणत मी."

मी कणीक मळत राहिले. ते पाणी पिऊन बाहेर गेले.

पुढे मलकापूरचे तेच व्यापारी दुसऱ्या एका मुलीची पत्रिका घेऊन आले. मी बाबांना बोलूच दिलं नाही. सडकी पट्टी व्यापाऱ्यांच्या हातात दिली आणि काय झालं होतं ते सांगितलं.

त्यांनी पट्टी उलटसुलट केली. "मंग त्या पोरीच्याच टायमाले काऊन बंद पडलं?"

"कुणाच्याही वेळेला पडायचं. दाखवते."

मी तिथेच स्क्रू काढले, सडकी पट्टी बसवली आणि त्यांच्या मुलाची पत्रिका मळ्यातल्या मुलीच्या पत्रिकेशेजारी उघडली. मी निळ्या पडद्याची वाट बघत होते. त्या मशीनने माझा कसा सूड घ्यावा? ते चाललं. पुन्हा उघडलं, पुन्हा चाललं. चौकट छापली, तीही आली. गुण उत्तम जुळले होते.

"पहा, जुळतात," मी म्हणाले.

"आता तुमी मशीन खोलून जोडलं," ते म्हणाले. "खोललेल्या मशीनचं काय खरं? तवा देवानं आपल्या मनानं बंद केलं होतं."

या माणसाशी पुढे काय बोलायचं? मशीन बंद पडलं तरी तो जिंकत होता, चाललं तरी तोच जिंकत होता. बाबा चष्मा पुसत होते.

मी ते कागद घेऊन मळ्यावर गेले. मुलगी मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मी घाम पुसत तिला रॅम, पट्टी, निळा पडदा सगळं सांगितलं, गुण दाखवले, आणि म्हणाले की अजूनही तुझ्या बाबांना घेऊन मलकापूरला जाता येईल.

तिने कागदाकडे बघितलंही नाही. "ताई, तुमी काऊन एवढा जीव काढून राह्यल्या?"

"अगं, तुझ्यावर अन्याय झाला."

"कायचा अन्याय? त्या बुढ्यानं माया बापाचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं नाही, अन् एका डब्याचं ऐकलं. उद्या त्याच्या घरी माया हातून दूध उतू गेलं असतं तं त्यानं त्याले बी संकेत म्हटलं असतं. जन्मभर कोण सांगत बसलं असतं त्याले?" तिने जुडीला सुतळीची गाठ मारली. "तुमच्या मशीननं काम चांगलं केलं. बसा, च्या ठेवतो."

माझा सगळा आवेश तिथेच बसला. मी आठवडे घालवून जे सिद्ध केलं होतं, त्याची तिला गरज नव्हती. आम्ही चहा प्यायलो आणि मी उरलेल्या जुड्या बांधू लागले. मला बांधता येत नव्हत्या. तिने माझ्या सगळ्या सोडून पुन्हा बांधल्या.

तिचं लग्न नंतर तालुक्यातच झालं, रोपवाटिका असलेल्या घरात, पत्रिका न बघता. मी वाढायला उभी होते. मलकापूरच्या मुलाचं जुळलं ते माझ्याच हातून छापलेल्या कागदावर, चांगल्या पट्टीवर. ते पुढे कसे नांदले मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. मला बुलढाण्याला एका शाळेत नोकरी लागली, तेव्हा बटणं दाबायला घरी कुणी उरलं नाही. बाबांनी पाटी काही काळ तशीच ठेवली होती. लोक यायचे, बाबा त्यांना सांगायचे, मशीन सध्या बंद आहे. एवढं एक वाक्य त्यांना अखेर सरळ बोलता आलं.