देशाला गुण देणारी ताई

शाळेत मुलांना गुण देणारे मास्तर गल्लोगल्ली सापडतात. ताई अख्ख्या देशाला गुण द्यायची. ती जिथे बातमीदार होती ते वर्तमानपत्र बंद पडलं आणि तिच्या हाती परदेशातल्या एका संस्थेचं काम आलं. राजकीय पक्षांकडे पैसा कुठून येतो, हे साध्या माणसाला कितपत उघडपणे बघता येतं, याचे गुण ही संस्था देशोदेशी लावते. प्रत्येक देशात ताईसारखं एक माणूस नेमलेलं. प्रश्न ठरलेले, गुण शंभरपैकी, शेवटी सगळ्या देशांची क्रमवारी. ताईने लग्न केलं नव्हतं, मानधन बेताचं होतं. पण क्रमवारी जाहीर झाली की ती चार दिवस ताठ मानेनं भाजी आणायला जायची.

त्यातला एक प्रश्न तिचा लाडका. कायद्यात काय छापलंय ते ठेवा बाजूला. एखादा साधा नागरिक निवडणूक कार्यालयात गेला आणि ‘अमक्या पक्षाला देणग्या कुणी दिल्या ते दाखवा’ म्हणाला, तर त्याला कागद मिळतात का? हे माणूस पाठवूनच बघायचं असतं. दरवर्षी ताई स्वतः जायची. पण आता तिथले सगळे तिला ओळखून होते. ती दारात दिसली की खुर्ची पुसली जायची, पंखा सुरू व्हायचा, कागद टेबलावर हजर, वर चहा. मागे रांगेत उभ्या म्हाताऱ्याला मात्र ‘साहेब जेवायला गेलेत’. असले गुण फुकटचे, हे न कळायला ताई काही दुधखुळी नव्हती. म्हणून या वर्षी तिने धाकट्या भावाला गळ घातली.

भावाचा धंदा खुर्च्या, सतरंज्या आणि लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा. लग्न असो की सभा, सत्तेतले असोत की विरोधातले, तो सगळ्यांना पुरवायचा. ‘खुर्चीला कसला आलाय पक्ष, कुणीही बूड टेकावं,’ म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

“मला कशाला ओढतेस यात?” तो म्हणाला.

“अरे, तूच तर सामान्य नागरिक!”

“सामान्य म्हणजे ज्याला घरातही कुणी विचारत नाही तो ना? मग आलोच.”

तो गेला आणि कागद घेऊन आला. सत्तेतल्या पक्षाचे, चांगले जाडजूड. “साहेब काय गोड बोलले गं! नाव विचारलं, पत्ता विचारला, दुकान कुठंय ते विचारलं.” ताईला उकळ्या फुटल्या. साध्या माणसाला कागद मिळाले होते! तिने तिथल्या तिथे मनात शंभर गुण देऊन टाकले.

पुढच्याच आठवड्यात त्या पक्षाच्या सभेचं काम गेलं. मग ज्या मंगल कार्यालयात भावाच्या खुर्च्या वर्षानुवर्षं जात होत्या, तिथला मालक फोनवर म्हणाला, “सध्या राहू दे.” मग आगीचा धोका आहे म्हणून नगरपालिकेने गोदामाला सील ठोकलं. शेवटी मोटरसायकलवरून एक माणूस दुकानात आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “आमच्या देणग्यांची लई काळजी लागलीय तुला. तुला द्यायची होती का एखादी?”

यांना कळलं कसं? ताईने नियम काढून वाचले. ‘कागद कुणी मागितले हे संबंधित पक्षाला नाव-पत्त्यासह कळवावे.’ नियम नवा नव्हता. तीन वर्षांपूर्वी तिनेच तो वाचला होता आणि ‘दोन्ही बाजूंना सारखी माहिती, उत्तम’ असा शेरा मारून त्याला पूर्ण गुण दिले होते. आपलंच थोबाड फोडून घ्यावं असं तिला वाटलं. कागदावरच्या नियमांवर लट्टू होणाऱ्या शहाण्यांचं हे असंच होतं.

तिने त्या प्रश्नाला शून्य दिलं. संस्थेचा तपासनीस, कोवळ्या वयाचा, अतिशय सभ्य, संगणकाच्या पडद्यावर आला.

“कागद मिळाले की नाही?”

“मिळाले.”

“मग शून्य कसं? कागद मागणाऱ्याला त्रास झाला असेल तर त्याचा यादीत वेगळा प्रश्न आहे. पण त्याला छापून आलेली बातमी लागेल, नाहीतर त्या माणसाचं नावानिशी निवेदन. तेवढं पाठवा, मी लगेच गुण कमी करतो.”

बातमी छापणारं वर्तमानपत्र तर केव्हाच बंद पडलं होतं. ताई भावाकडे गेली. भावजयीने दार उघडलं, पण ‘या’ म्हणाली नाही. भाऊ आतून आला.

“ताई, उद्या गोदामाचं सील निघतंय. पाया पडून आलोय मी त्यांच्या. चूक झाली म्हणालो. आता तू माझं नाव छापलंस तर आम्ही रस्त्यावर येऊ.”

“पण हे खोटं ठरेल रे सगळं. पुढच्या वर्षी दुसरा कुणी जाईल...”

“तुमच्या गुणांवर आमची चूल पेटत नाही, ताई,” भावजय म्हणाली.

ताई घरी आली आणि शून्याच्या जागी शंभर भरले. त्रासाच्या प्रश्नापुढे ‘तक्रार आढळली नाही’ लिहिलं. नियमाप्रमाणे त्यालाही पूर्ण गुण. चोराला घरचा पहारेकरी नेमून वर त्याचा सत्कार करावा, तसं तिला वाटत राहिलं. रडू आलं नाही. स्वतःची किळस आली.

देश क्रमवारीत चांगला वर चढला. निवडणूक कार्यालयाने समारंभ ठेवला आणि ताईला आग्रहाचं बोलावणं आलं. न जावं तर भावाच्या अंगाशी यायचं, म्हणून ती गेली. सभागृहात पांढरे अभ्रे घातलेल्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. पहिल्या रांगेतली खुर्ची कुणीतरी वाकून पुसत होतं. तो भाऊ होता.

“तू इथे?”

“काम मिळालं,” तो खाली बघत म्हणाला. “वर्षभराचं, सगळ्या सरकारी कार्यक्रमांचं. म्हणाले, तुझ्या बहिणीनं समजूतदारपणा दाखवला, आम्ही विसरत नाही.”

व्यासपीठावर साहेब उभे राहिले. आपल्याकडे कुणीही यावं, हवे ते कागद बेधडक मागावेत, म्हणाले. टाळ्या पडल्या.

“बस ना, ताई,” भाऊ म्हणाला. “तुझ्यासाठीच ठेवलीय.”

लोक बघत होते. ताई बसली.